वेशीच्या आत कोण?

नगरपंचायतीच्या फलकावर, नाहीतर स्थानिक पेपरच्या आतल्या पानावर कधीतरी बारीक अक्षरात एक जाहिरात येते. प्रारूप विकास योजना तयार झाली आहे, नकाशा कार्यालयात पाहायला मिळेल, हरकती आणि सूचना अमुक तारखेपर्यंत लेखी द्याव्यात. आपल्यापैकी फारसं कुणी ती वाचत नाही. पण त्या नकाशात आपल्या गावाची पुढची वीस वर्षं असतात. रस्ता किती रुंद होणार, शाळेला जागा कुठे, आठवडी बाजार कुठे बसणार, कचरा कुणाच्या वस्तीशेजारी पडणार, हे सगळं तिथे ठरतं.

हल्ली अशा योजनांच्या पहिल्या पानावर गावाचं ‘व्हिजन’ लिहायची पद्धत आहे. स्वच्छ, सुंदर, हरित, सर्वसमावेशक. या शब्दांना कुणाचाच विरोध नसतो आणि म्हणूनच त्यांवरून गावाबद्दल काहीच कळत नाही. अमरावती-अकोल्याकडच्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या गेल्या दोनशे वर्षांत डोकावलं, तर एक वेगळाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. गावाला काय हवं यावर लोकांचं लवकर जमायचं. सुरक्षितता, पाणी, शाळा, चांगला बाजार कुणाला नको होता? घोडं अडायचं ते ‘गाव’ म्हणजे नेमकं कोण यावर. वेस कुठे संपते आणि तिच्या आत कुणाला मोजायचं, यावर.

कोट

डिसेंबर १८०३मध्ये इंग्रजांनी गाविलगड घेतला. पाठोपाठ देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड प्रांत सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. राज्य बदललं, पण लुटालूट थांबली नाही. पिंढाऱ्यांच्या टोळ्या फिरतच होत्या. अमरावतीत कापसाचे व्यापारी होते, सावकार होते, पैसा होता. त्यांच्या संरक्षणासाठी निजाम सरकारने १८०७ साली गावाभोवती दगडी परकोट बांधायला घेतला. त्याचा घेर सव्वादोन मैल आणि उंची वीस ते सव्वीस फूट. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या होत्या. अंबागेट, जवाहर गेट, नागपुरी गेट, भुसारी गेट ही नावं अमरावतीकर आजही रोज घेतात, बहुतेक वेळा ऑटोवाल्याला पत्ता सांगताना.

या कोटाला अमरावतीचा पहिला विकास आराखडा म्हणायला हरकत नाही. हेतू स्पष्ट होता, जागा आखलेली होती, कामही पक्कं होतं. जो आत राहील तो सुरक्षित, मग तो सावकार असो की त्याच्या घरचा गडी. पण या गावाची श्रीमंती ज्या कापसावर उभी होती, तो पिकायचा कोटाबाहेर. १८४२ साली एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे पाठवला, असं जुन्या गॅझेटिअरात नोंदलेलं आहे. तो कापूस पेरणारे, वेचणारे, तांड्यांबरोबर शेकडो मैल चालणारे लोक उघड्यावर राहत होते. दरवाजे संध्याकाळी मिटले की त्यांचं काय होतं, हा त्या आराखड्याचा विषयच नव्हता.

हा दोष एकट्या निजामाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. त्या काळी जगभरातली तटबंदीची गावं अशीच होती. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. भिंत उभी राहिली की आत कोण हे दगडातच ठरून जातं. पुढे भिंतीची गरज संपते, पण गाव तसंच मोजायची सवय मात्र मागे राहते.

काटा

१८५३मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. त्याच दशकात रेल्वे आली. ‘वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड’ हे आपण अभिमानाने म्हणतो, पण सोनं नेमकं कुणाच्या पदरात पडत होतं ते बाजारात गेल्यावर कळायचं. वजनं ज्याची त्याची. काटा व्यापाऱ्याचा, मापारी व्यापाऱ्याचा, कापलेला पैसा कशाचा हे विचारायची सोय नाही.

अशा वेळी १८८६मध्ये कारंजा इथे एक नवा प्रयोग झाला. दत्तभक्तांना कारंजा ठाऊक आहे ते नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून. हे गाव आता वाशीम जिल्ह्यात आहे. हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या हुकमाने इथे देशातला पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला. १८९७मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्यबाजाराचा कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, वजनमापं ठरली, दलालांना आणि मापाऱ्यांना परवाने आले. आज देशभरात ज्या बाजार समित्या दिसतात, त्यांचं मूळ वऱ्हाडातल्या या व्यवस्थेत आहे.

या बाजारावर देखरेख ठेवायला जी समिती नेमायची, तिची घडण पाहण्यासारखी होती. पाच सदस्यांपैकी दोन नगरपालिकेकडून आणि तीन कापूस व्यापाऱ्यांमधून. शेतकरी एकही नाही. गिरण्यांना चोख कापूस वाजवी भावात मिळावा ही गरज सरकारची होती, तिच्यात शेतकऱ्याचा थोडाफार फायदा झाला इतकंच. १९२८मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने देशातल्या बाजारांचा आढावा घेतला, तेव्हाही वऱ्हाडच्या समित्यांत पिकवणाऱ्याला जागा नाही हे ठळकपणे दिसत होतं. बाजार समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बसावेत ही आज साधी वाटणारी गोष्ट रुजायला पुढे कित्येक वर्षं गेली.

म्हणजे इथे सगळ्यांना एकच काटा आला, पण काट्यावर लक्ष ठेवणारे हात तेच राहिले. नियम चांगले असूनही गाव अर्धंच राहू शकतं, हे कारंजाने सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं आहे. आज एखाद्या नगरपंचायतीत फेरीवाल्यांसाठी धोरण ठरतं आणि त्या बैठकीत एकही फेरीवाला नसतो, तेव्हा ही जुनीच समिती नव्या टेबलाभोवती बसलेली असते.

विहीर

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी अस्पृश्य मानलेल्या लोकांनी प्यायलं. त्या तळ्याची गोष्ट आपण शाळेत शिकतो. पण तिच्यातला एक तपशील निसटून जातो. हे तळं सर्वांना खुलं आहे, असा ठराव महाड नगरपालिकेने आधीच केलेला होता. ठराव कागदावर होता, तळ्यावर मात्र जुनाच कायदा चालत होता. नगरपालिकेने जाहीर केलेलं मूल्य आणि गावाने जगलेलं मूल्य यांत किती अंतर असू शकतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

त्याच वर्षी हा प्रश्न अमरावतीत आला. अंबादेवीचं मंदिर गावाचं दैवत, पण दलितांना दार बंद. मंदिरप्रवेशासाठी चळवळ उभी राहिली आणि १३ नोव्हेंबर १९२७ला अमरावतीत आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्य वर्गाची परिषद भरली. या चळवळीच्या बाजूने उभे राहिलेल्यांत विलायतेहून शिकून आलेला एक तरुण वकील होता. त्याचं नाव पंजाबराव देशमुख. पापळ या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८९८चा. त्यांनी ऑक्सफर्डमध्ये वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहिला होता. म्हणजे धर्माचा आधार घेऊन दार बंद करणाऱ्यांना उत्तर देण्याइतका अभ्यास त्यांच्या गाठीशी होता.

१९२८मध्ये पंजाबराव अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आजच्या भाषेत जिल्हा परिषदेचे म्हणता येईल. त्या खुर्चीतून त्यांनी काय केलं ते पाहिलं की मूल्य आणि घोषणा यांतला फरक कळतो. सार्वजनिक विहिरी त्यांनी सर्व जातींना खुल्या केल्या. प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. आणि शाळा फुकट चालत नाहीत, म्हणून शिक्षणासाठी कर वाढवला.

या तिसऱ्या गोष्टीवर जरा थांबू. विहिरीच्या निर्णयाने काही लोक दुखावले असणारच. पण कर सगळ्यांनाच टोचतो. निवडून येणारा माणूस शक्यतो त्या वाटेला जात नाही. पंजाबरावांनी आपल्याच शेतकऱ्यांना सांगितलं की तुमची आणि वेशीबाहेरच्यांची मुलं शिकायची असतील तर त्याचा खर्च आपण सगळ्यांनी मिळून उचलायचा आहे. गावाचं मूल्य कोणतं, हे ओळखायची ही सगळ्यात खात्रीची खूण म्हणता येईल. भाषणात जे आहे ते नव्हे, ज्याच्यासाठी गाव पट्टी भरायला तयार होतं ते. १९३२मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. पुढे ते संविधान सभेत गेले, १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री राहिले. वऱ्हाडात मात्र त्यांची आठवण आजही शाळा-कॉलेजांच्या इमारतींतून निघते.

खराटा

विहीर खुली झाली तरी एक काम उरतंच. गाव झाडायचं कुणी?

गाडगेबाबांचा जन्म १८७६चा, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा. घराणं परिटाचं, नाव डेबूजी. हातात खराटा, अंगावर चिंध्या, जवळ गाडगं. एखाद्या गावात ते पोचले की आधी रस्ता झाडायला लागत. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारायचे, हा त्यांचा क्रम होता. प्रश्न साधे असायचे. देवाला बकरं कशाला? लग्नासाठी कर्ज कशाला? पोराला शाळेत का नाही घातलं? लिहिता-वाचता न येणारा हा माणूस गावकऱ्यांकडून सामाजिक लेखापरीक्षण करून घेत होता.

गाडगेबाबांची आठवण आपण बहुधा स्वच्छतेपुरती ठेवली. सन २०००च्या सुमारास महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, त्यातून चांगलं कामही झालं. पण खराटा हातात घेण्याचा अर्थ केरकचऱ्यापलीकडचा होता. झाडणं हे काम गावाने ठरावीक जातींच्या गळ्यात घातलं होतं. ज्याच्या पायावर लोक डोकं ठेवायला येत होते, त्यानेच ते काम सगळ्यांसमोर उचललं. आता ते हलकं आहे असं म्हणायचं तरी कसं?

योगायोग असा, की त्याच सुमारास एक परदेशी नगररचनाकारही भारतात याच प्रश्नापाशी येऊन पोचला होता. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश अभ्यासक १९१४मध्ये भारतात आला आणि अनेक शहरांचे आराखडे त्याने केले. इंदूरचा त्याचा अहवाल १९१८चा. इंदुरात त्याने दिवाळीची मिरवणूक काढली आणि जाहीर केलं की जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील तिथूनच मिरवणूक जाईल. मोहल्ले चढाओढीने झाडले गेले. त्या मिरवणुकीत सफाई कामगारांना मानाची जागा होती. गेडिसला आणि गाडगेबाबांना एकमेकांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण दोघांनाही कळलं होतं की गटार कुठून काढायचं हे नकाशावर दिसतं, गटार साफ करणाऱ्याला गावात मान आहे की नाही हे नकाशावर दिसत नाही. आणि दुसरं जमल्याशिवाय पहिलं टिकत नाही.

पंढरपुरात गाडगेबाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली, ज्यांना बाकीच्या धर्मशाळांत जागा नव्हती त्यांच्यासाठी. पुढे ती वास्तू त्यांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. १९५६च्या ६ डिसेंबरला आंबेडकर गेले, २० डिसेंबरला वलगावजवळ गाडगेबाबा गेले. दोन आठवड्यांच्या आत महाराष्ट्राने आपल्या गावांना सर्वांत अवघड प्रश्न विचारणारे दोन माणसं गमावले.

सभा

या सगळ्याची गावाच्या भाषेत मांडणी केली ती तुकडोजी महाराजांनी. जन्म १९०९चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. १९३५मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. खंजिरी वाजवत गावोगाव फिरताना त्यांनी जे पाहिलं ते ‘ग्रामगीता’ या ग्रंथात ओवीबद्ध केलं. हा ग्रंथ १९५५चा, त्याचे अध्याय ४१. नाव गीतेचं असलं तरी आत गावाचा संसार आहे. रस्ते, आरोग्य, शिक्षण, स्त्रियांची स्थिती, श्रम, अस्पृश्यता, गावातली भांडणं, सण कसे साजरे करावेत, निवडणुकीत कुणाला निवडावं. एखाद्या सल्लागार कंपनीने आज बनवलेल्या ‘व्हिजन डॉक्युमेंट’ची अनुक्रमणिका यापेक्षा फार वेगळी नसेल. फरक असा की ग्रामगीता मोठ्याने वाचण्यासाठी लिहिलेली आहे. ज्याला वाचता येत नाही तोही ती ऐकू शकतो, आणि ऐकून आपलं मत बनवू शकतो.

ग्रामगीतेचा भर सामुदायिक प्रार्थनेवर आहे. ते सगळ्यांना पटेलच असं नाही. पण प्रार्थनेच्या निमित्ताने गावातली सगळी माणसं रोज एका पटांगणात, एका ओळीत बसावीत, हा त्यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. एकत्र बसायची जागा नसेल तर एकत्र ठरवणार कसं?

आता इथून आजकडे येऊ. मोझरी तिवसा तालुक्यात येते. गेल्या दहा-बारा वर्षांत सरकारने तालुक्याच्या गावांना नगरपंचायतीचा दर्जा दिला, त्यात तिवसा आलं, भातकुली, नांदगाव खंडेश्वर, धारणीही आली. गाव मोठं झालं, निधी वाढला, मुख्याधिकारी आले, सतरा नगरसेवक आले. यात निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत, ही वेस रुंदावल्याची खरी खूण आहे. पण या बढतीत एक गोष्ट हातातून गेली. ग्रामपंचायत असताना वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागत. कुणीही मतदार उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकत होता. नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपली. १९९३पासून लागू झालेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केली, पण ती बंधनकारक आहे तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. तिवशासारखं छोटं गाव दोन्हींच्या मध्ये अडकलं. ग्रामसभेसाठी फार मोठं, प्रभाग समितीसाठी फार छोटं.

गुरुकुंज जिथे आहे त्या तालुक्याच्या मुख्य गावाला एकत्र बसून ठरवायची सक्तीची जागाच उरलेली नाही. हरकती-सूचनांची ती बारीक जाहिरात म्हणूनच महत्त्वाची. छोट्या पालिकेतल्या सामान्य माणसाला कायद्याने बोलायला दिलेल्या मोजक्या जागांपैकी ती एक आहे.

नकाशासमोर

विकास योजनेचा नकाशा पाहायला जाताना हा इतिहास बरोबर नेता येतो.

कोटाचा प्रश्न: हद्दीवरच्या वस्त्या नकाशात कशा दाखवल्या आहेत? घर म्हणून, की ‘अतिक्रमण’ म्हणून?

काट्याचा प्रश्न: बाजार, बसस्टँड, फेरीवाले यांचं ठरवताना त्यांच्यातलं कुणी बैठकीला होतं का?

विहिरीचा प्रश्न: पाणी कुठून येणार आणि शेवटच्या नळापर्यंत पोचणार का? पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूरच्या भागात हा प्रश्न आणखी लांब जातो. तिथे जमिनीतलं पाणी खारट, म्हणून गोडं पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या वान, शहानूर अशा धरणांतून आणावं लागतं. म्हणजे शहराचा नळ डोंगराखालच्या शेतकऱ्याशी बांधलेला असतो. त्या शेतकऱ्याचं ओलित कापून शहराला पाणी द्यायचं असेल, तर ठरवताना त्यालाही आपल्यात मोजावं लागेल.

खराट्याचा प्रश्न: कचरा कुठे टाकायचा हे नकाशात असतं. तो उचलणारे कायम नोकरीत आहेत की कंत्राटावर, त्यांची घरं कुठे, हेही विचारायला हवं.

आणि पंजाबरावांचा प्रश्न: पैसे कुठे आहेत? नकाशात हिरव्या रंगाने बाग रंगवणं सोपं असतं. पण योजना मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन पालिकेने घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही, तर आरक्षण रद्द होतं. शाळेचं मैदान मग प्लॉट बनतं. म्हणून नकाशाबरोबर अंदाजपत्रकही मागायचं आणि त्यात त्या मैदानासाठी रक्कम ठेवली आहे का ते बघायचं. घरपट्टी वाढली तर ती कशासाठी, हेही तिथेच कळतं.

यासाठी नगररचनेची पदवी लागत नाही. एक अर्ज लागतो, पोच घ्यावी लागते, आणि गल्लीतल्या चार-दहा लोकांना बरोबर न्यावं लागतं. जाताना ज्यांना नकाशा वाचता येत नाही, त्यांना आवर्जून न्यावं. त्यांच्यासाठी कुणीतरी तो मोठ्याने वाचायला हवा: इथे रस्ता, इथे गटार, इथे आपली वस्ती. आपली वस्ती त्यात सापडली नाही, तर पहिली हरकत तीच.